रात्री एकटं असताना दाटून येणाऱ्या ओढीचं काय करायचं?

इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमचा जोडीदार कामासाठी दूर गेलाय आणि परत यायला अजून वर्षभर तरी लागेल. दिवस कामात निघून जातो, पण रात्री दार लावून एकट्या बसलात की जीव कासावीस होतो. अंथरुणात पडून व्हिडिओ कॉल झाल्यावर बरं वाटायचं सोडून आणखीच रितं रितं वाटतं. मध्यरात्री जाग आली की तो शेवटचा कधी ऑनलाइन होता ते बघता. त्याचा न धुतलेला शर्ट उशीजवळ ठेवता आणि त्याची लाज वाटते. मैत्रिणी सांगतात, ‘इतकं अवलंबून राहू नये, स्वतःत रमायला शीक.’ म्हणून तुम्ही विचारताय की ही ओढ कमी कशी करायची, आणि हे प्रेम आहे की व्यसन.

मी जोडप्यांचं समुपदेशन करते. जहाजावर, सैन्यात, लांबच्या प्रकल्पांवर किंवा शिकायला गेलेल्यांच्या मागे राहिलेली माणसं माझ्याकडे बरीच येतात. ती बहुतेक हाच प्रश्न घेऊन येतात आणि थोडं बोलणं झालं की प्रश्न बदलतो. तुमचाही बदलेल असं मला वाटतं, कारण तुम्ही जे लिहिलंय त्यात एक नाही, दोन गोष्टी मिसळल्या आहेत. शर्ट उशीजवळ घेणं ही एक, आणि मध्यरात्री त्याची ऑनलाइन वेळ बघणं ही दुसरी. तुम्ही दोन्हींना ओढच म्हणताय. मी पहिलीला ओढ म्हणेन आणि दुसरीला धास्ती.

दोन्हींतला फरक ओळखायला माझी साधी रीत आहे. ती गोष्ट केल्यावर पाच मिनिटांनी तुमचं काय होतं, ते बघायचं. शर्टाचा वास घेतला, डोळे भरून आले, थोडं रडू आलं आणि मग झोप लागली, तर ती ओढ. तिला जे हवं होतं त्याचा थोडा अंश मिळाला आणि ती निवली. ऑनलाइन वेळ बघितली, ‘दोन वाजता हा जागा कसा?’ असं मनात आलं आणि दहा मिनिटांनी पुन्हा बघितलं, तर ती धास्ती. दुखऱ्या दाताला पुनःपुन्हा जीभ लावून बघावी तसं ते असतं, बघण्याने दुखणं थांबत नाही आणि बघायचं सोडवतही नाही. ओढ त्या माणसाकडे जाते, धास्ती फोनकडे. पुढचं सगळं उत्तर या फरकावर उभं आहे, कारण ओढीला कमी करायची मला घाई नाही. धास्तीचं मात्र काहीतरी करायलाच हवं.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. आपल्या काव्यशास्त्राने विरहाची फोड फार पूर्वी करून ठेवली आहे. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त विप्रलंभ शृंगाराचे, म्हणजे ताटातुटीतल्या प्रेमाचे, चार प्रकार दिलेत: पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण. पूर्वराग म्हणजे मीलन व्हायच्या आधीची ओढ. मान म्हणजे रुसव्यामुळे आलेला दुरावा, ज्यात दोघं एकाच घरातही असू शकतात. प्रवास म्हणजे एकजण दुसऱ्या ठिकाणी गेलेला. आणि करुण म्हणजे एकजण मरण पावलाय, तरी तो पुन्हा भेटेल ही आशा सुटलेली नाही. हे कवींसाठी लिहिलं गेलं, पण समोर बसलेल्या माणसाचं दुखणं नेमकं कुठलं हे ठरवताना मला ते कुठल्याही प्रश्नावलीइतकंच उपयोगी पडतं.

कारण माणसं सांगताना प्रवासाचा विरह सांगतात आणि आत भलताच असतो. कितीतरी वेळा असं निघतं की जायच्या आदल्या आठवड्यात मोठं भांडण झालं होतं, ते अर्धवट राहिलं आणि विमान सुटलं. मागे राहिलेली व्यक्ती ‘मला त्याची आठवण येते’ म्हणत असते, पण खरं तर ती माफीची वाट बघत असते. हा मान आहे. त्याला फोनवरचं गोड बोलणं पुरत नाही, ते भांडणच पूर्ण करावं लागतं. दुसरीकडे, ज्याला जेमतेम चार-सहा वेळा भेटलोय त्याच्यासाठी कुणी झुरत असेल तर तो पूर्वराग आहे. त्यात माणूस थोडा आणि कल्पना जास्त असते, म्हणून तिथे मी विरह सहन करायला शिकवण्यापेक्षा भेटी वाढवायला सांगते. आणि नातं संपलंय, समोरच्याने तसं स्पष्ट सांगितलंय, तरी मन दाराकडे डोळे लावून बसलंय, असं असेल तर ते शोकाचं काम आहे. त्याला खाली लिहिलेलं फारसं लागू होणार नाही.

तुमच्या मजकुरावरून तुमचा विरह प्रवासाचा दिसतो. पण दोन प्रश्नांची उत्तरं तुम्ही दिलेली नाहीत आणि ती महत्त्वाची आहेत. परतायची तारीख दोघांना मान्य असलेली आहे, की ‘बघू, वर्षभराने’ इतकंच ठरलंय? आणि तो फोनला वेळेवर, नेहमीच्या लयीत उत्तर देतो, की चार दिवस गप्प राहून पाचव्या दिवशी प्रेमाचा पूर आणतो? शेवटच्या प्रकारात मोडत असेल तर मध्यरात्रीची तपासणी हा तुमचा दुबळेपणा नाही. कधी मिळेल कळत नाही आणि अधूनमधूनच मिळतं, अशा गोष्टीसाठी प्राणी सर्वांत चिकाटीने खटपट करत राहतात हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत वारंवार दिसलंय. माणूस त्याला अपवाद नाही. तिथे उपाय तुमच्या एकटीच्या हातात नसतो. त्याच्याशी बोलावं लागतं.

आता व्यसनाबद्दल. नव्याने गाढ प्रेमात पडलेल्या 17 जणांना प्रिय व्यक्तीचा फोटो दाखवून मेंदूचं चित्रण केलं गेलं. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मेंदूच्या खोल भागातली, डोपामिन या रसायनाशी जोडलेली आणि एखादी गोष्ट मिळवायला उद्युक्त करणारी यंत्रणा सक्रिय झालेली दिसली. व्यसनांमध्येही हीच यंत्रणा गुंतलेली असते, म्हणून ‘प्रेम हे व्यसनच’ असं लिहायची फॅशन आली. मला हा निष्कर्ष उलटा वाटतो. ती यंत्रणा अन्न, साथ, जवळीक अशा गोष्टींसाठी मुळात घडली आणि नशेचे पदार्थ मागाहून तिच्यात घुसले. तुम्हाला जोडीदार हवासा वाटतो यात बिघडलेलं काही नाही.

बिघाड नाही हे म्हणण्याला आणखी एक आधार आहे. मुलांच्या ताटातुटीचा अभ्यास करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 साली एक चित्रफीत केली होती, इस्पितळात आठ दिवस राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीची. आईवडिलांची भेट तेव्हा फार मर्यादित असायची. रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी अशा मुलांच्या निरीक्षणावरून ताटातुटीच्या तीन अवस्था सांगितल्या. आधी आकांत, मग खिन्नता, मग अलिप्तपणा. पुढे 1987 मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी दाखवून दिलं की प्रौढांचं प्रेमही बऱ्याच अंशी याच जातीचं बंधन असतं. म्हणजे रात्री अकरा वाजता तुमच्या छातीत जे उसळतं ते लहान मुलाच्या आकांताचं मोठं झालेलं रूप आहे. ज्याच्याजवळ सुरक्षित वाटतं तो हाताच्या अंतरावर नाही, हे शरीराला कळलंय आणि शरीर हाक मारतंय.

रात्रीच का, याचंही उत्तर त्यातच आहे. दिवसा लक्ष बाहेर गुंतलेलं असतं. रात्री अंधार, थकवा, आडवं होणं, सगळं एकदम येतं, आणि नेमक्या त्याच वेळेला एरवी तो शेजारी असायचा. लिसा डायमंड आणि सहकाऱ्यांनी 2008 साली 42 जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यातला एकजण चार ते सात दिवसांसाठी प्रवासाला गेला, तेवढ्यातही झोप आणि ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल या संप्रेरकावर परिणाम दिसला. तो गेलेल्यापेक्षा मागे राहिलेल्यावर जास्त होता. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. गेलेल्याला नवी जागा, नवी माणसं, नवा रस्ता असतो. मागे राहिलेल्याचं सगळं तेच असतं, फक्त एक माणूस त्यातून काढून घेतलेला असतो. त्यामुळे ‘तो तिकडे मजेत आहे आणि मी इथे झुरतेय, म्हणजे माझंच प्रेम जास्त’ असा हिशेब करू नका. तुमच्या आजूबाजूला आठवण करून देणाऱ्या गोष्टी जास्त आहेत, इतकाच त्याचा अर्थ.

यावरून मी मागे राहिलेल्यांना पहिली सूचना घराबद्दल देते. त्याच्या खुणा पुसू नका, पण घरातली एखादी जागा फक्त तुमची करा. खाटेवर तुम्ही नेहमी डाव्या बाजूला झोपत असाल तर मधोमध झोपा. तो ज्या खुर्चीत बसायचा तिच्यासमोर रोज जेवत असाल तर बसायची जागा बदला. हे क्षुल्लक वाटतं, पण शरीर रिकाम्या जागेकडे बघून हाक मारतं, आणि रोज त्याच वेळी त्याच रिकाम्या जागेसमोर बसणं म्हणजे हाक मारायला आपणच लावण्यासारखं आहे.

शर्टाचं काय? ठेवा, लाज वाटायचं कारण नाही. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 155 जणांना काही रात्री जोडीदाराच्या वासाचा शर्ट उशीवर दिला आणि काही रात्री तसा वास नसलेला. जोडीदाराच्या वासाच्या रात्री झोप सरासरी दोन टक्क्यांहून थोडी अधिक सुधारली. हा काही चमत्कार नव्हे, पण अंथरुणात पडल्यावर शर्ट जवळ घेऊन झोपणाऱ्या स्त्रिया आणि पुरुष (हो, पुरुषही, फक्त ते सांगायला वेळ लावतात) काहीतरी विचित्र करत नाहीत एवढं त्यातून समजतं. वास उडाला की दुसरा मागवा. एका गृहस्थांनी हे बायकोला कळवायला महिना लावला आणि तिने उलट टपाली विचारलं की तुमचा एखादा का पाठवला नाहीत.

मैत्रिणींचा ‘विचार करू नकोस, मन दुसरीकडे लाव’ हा सल्ला प्रेमातून आलाय, पण त्याचा पहिला अर्धा भाग चालत नाही. डॅनियल वेग्नर यांनी 1987 साली केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही असं सांगितलं, आला तर घंटा वाजवायची. विचार येतच राहिला. नंतर विचार करायची मुभा दिल्यावर तो या विद्यार्थ्यांना जास्त आला, सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षाही जास्त. दिवसभर दाबून ठेवलेली आठवण रात्री का उसळते याचं मोठं कारण हे असावं असं मला वाटतं. म्हणून मी उलट सांगते. आठवणीला वेळ नेमून द्या. संध्याकाळी, झोपायच्या बरंच आधी, अर्धा तास. त्यात फोटो बघा, जुने निरोप वाचा, रडा, त्याला लिहा. दिवसभरात आठवण आली की तिला ‘संध्याकाळी’ असं सांगायचं. पहिल्या आठवड्यात हे हास्यास्पद वाटतं आणि कधीकधी तो अर्धा तास नेमका कोरडा जातो. जाऊ द्या. वेळ राखून ठेवलाय हे मनाला पटायला थोडे दिवस लागतात.

लिहिण्यावर मी जरा जास्त भर देते. कॉलमध्ये आपण समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलणं बदलत जातो. तो दमलेला दिसला की ‘मी ठीक आहे’ म्हणतो. लिहिताना तसं होत नाही. पण काय लिहायचं हे बहुतेकांना सुचत नाही आणि मग ‘मिस यू’च्या पुढे गाडी सरकत नाही. इथे मी चक्क ‘मेघदूता’तल्या यक्षाकडे बोट दाखवते. वर्षभराच्या शापाने पत्नीपासून दूर पडलेला तो यक्ष ढगाबरोबर निरोप धाडतो. त्या निरोपात काय काय आहे बघा. मी सुखरूप आहे, तू कशी आहेस. तू मला कशाकशात दिसतेस, म्हणजे वेलीत, हरिणीच्या नजरेत, चंद्रात, आणि तरी एकाच ठिकाणी सगळी सापडत नाहीस. शाप संपायला चार महिने उरलेत. आणि शेवटी एक आठवण, एका रात्रीची, जी त्या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नाही, निरोप खरंच माझा आहे याची खूण म्हणून. खुशाली, तपशिलातली आठवण, अवधी आणि दोघांपुरती खूण. दूर असलेल्या जोडप्यांच्या ज्या निरोपांनी मागच्याला खरोखर धीर मिळतो, त्यांत मला हेच चार घटक दिसत आलेत. ज्यांनी धीर मिळत नाही त्यांत बहुतेक वेळा अवधी गायब असतो.

कॉलनंतर जास्त पोकळ वाटण्याचं कोडंही फार अवघड नाही. चेहरा दिसतो, आवाज येतो, शरीराला वाटतं आला. मग पडदा काळा होतो. एका रात्रीत निरोप घेण्याचा प्रसंग पुन्हा घडतो, आणि तोही झोपायच्या तोंडावर. तुमचे कॉल अंथरुणात पडून होतात असं तुम्ही लिहिलंय. ते तिथून हलवा. शक्य असेल तर जेवणाच्या आधी बोला, म्हणजे कॉलनंतर लगेच हात गुंतवणारं काहीतरी काम असेल. कॉल संपवताना पुढचा कधी, हे ठरवूनच संपवा. आणि सगळे कॉल भावनांचे नकोत. कधी दोघांनी आपापली कामं करत नुसता फोन चालू ठेवावा, त्याने भांडी घासावीत, तुम्ही कपड्यांच्या घड्या घालाव्यात, मध्ये दोन वाक्यं. एकत्र राहणारी जोडपी दिवसातला बराच वेळ असंच तर काही न बोलता एकमेकांच्या आसपास असतात. दूर गेल्यावर तेच सर्वांत आधी हरवतं आणि उरतात ती फक्त मोठी संभाषणं. ती रोज झेपत नाहीत.

मध्यरात्रीच्या तपासणीसाठी: शेवटची ऑनलाइन वेळ दिसण्याची सोय दोघांनी मिळून बंद करा. गुपचूप एकतर्फी नको, सांगून. ‘तुझ्यावर संशय नाही, पण मला ते बघायची सवय लागलीय आणि त्याने माझी झोप जाते’ एवढं सरळ बोला. फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवा. अडीअडचणीला त्याचा फोन यायला हवा असेल तर फक्त त्याच्या नंबरची घंटा चालू राहील अशी व्यवस्था फोनमध्ये करता येते. जाग आली आणि बराच वेळ झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा आणि झोप आली की परत या. निद्रानाशावरच्या उपचारातलं हे जुनं तत्त्व आहे, अंथरूण आणि तळमळ यांची गाठ पडू द्यायची नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, तरी ती बहुतेक सगळ्यांना विचारायची असते. ओढ फक्त मनाची नसते. स्पर्शाची, जवळीकीची, कामेच्छेची असते आणि एकटं असताना ती जास्त जाणवते. स्वतःच्या स्पर्शाने ती शमवण्यात गैर काही नाही आणि त्याचवेळी त्याची आठवण असणं हे तर साहजिकच. पण पुष्कळ जणांना त्यानंतर रडू येतं आणि ते घाबरतात. शरीर सैलावलं की आवरून धरलेलं बाहेर पडतं, इतकंच. याबद्दल दोघांत बोलता आलं तर उत्तमच, पण फोटो किंवा व्हिडिओ पाठवायचा दबाव कुणी आणत असेल तर नाही म्हणायला तुम्ही मोकळ्या आहात. आणि कामेच्छा वर्षभर पार मंदावली तरी त्याचा प्रेमाशी हिशेब लावू नका. काहींचं शरीर जपण्यासाठी दार बंद करून घेतं.

कुठपर्यंतचं ठीक आणि कुठे मदत घ्यावी, हे ठरवायला मी पुन्हा विश्वनाथाकडेच जाते. त्याने कामाच्या, म्हणजे प्रेमातल्या इच्छेच्या, दहा दशा दिल्यात: अभिलाष, चिंता, स्मृती, गुणकथन, उद्वेग, प्रलाप, उन्माद, व्याधी, जडता आणि मरण. वैद्यकीय मोजपट्टी म्हणून त्याकडे बघू नका, पण चढण छान दाखवलीय. पहिल्या चार दशा, म्हणजे हवासा वाटणं, काळजी, आठवण, भेटेल त्याला त्याचं कौतुक सांगत सुटणं, हे विरहाचं रोजचं जेवणखाण आहे. उद्वेग, म्हणजे कशातच चैन न पडणं, अधूनमधून येऊन जातो. तो येऊन मुक्काम ठोकायला लागला, दोनेक आठवडे जेवण, झोप, काम यांतलं काही नीट होत नसेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर विरह म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. नैराश्य विरहाचे कपडे घालून येतं. दहावी दशा तर काव्यातही प्रत्यक्ष दाखवू नये, रसभंग होतो, असं त्याच शास्त्रात सांगितलंय. जगणं नकोसं वाटल्याचा विचार एकदा जरी डोकावला तरी त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, थांबू नका.

‘स्वतःत रमायला शीक’ याबद्दल माझं मत मैत्रिणींपेक्षा थोडं वेगळं आहे. रमायला शिकाच, पण ओढीवरचं औषध म्हणून नव्हे. नवीन वर्गाला नाव घातलं, पोहायला लागलात आणि तरी रात्री आठवण आलीच, तर तुम्हाला वाटेल की औषध चाललं नाही. ते औषध नव्हतंच. या वर्षात तुमचंही काहीतरी घडलं पाहिजे, म्हणजे परत आल्यावर त्याला भेटायला कुणीतरी असेल, वाट बघण्यापलीकडचं. कॉलवर तुमच्याकडेही सांगायला काही असेल. आणि माणसांत राहा. एका माणसाची जागा दुसरं कुणी भरत नाही हे खरं, पण बोलायला, हसायला, पाठीवर हात ठेवायला एकच माणूस असला पाहिजे असा नियम नाही.

आता एक अप्रिय बाब. दूर असलेला माणूस हळूहळू सुधारत जातो, आपल्या डोक्यात. त्याचं घोरणं, उशिरा येणं, ओला टॉवेल खाटेवर टाकणं गळून पडतं. लांब अंतरावरची जोडपी एकमेकांना अधिक आदर्श रूपात बघतात हे अभ्यासांतही दिसलंय. लॉरा स्टॅफर्ड आणि सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लांब राहून नंतर एकाच ठिकाणी आलेल्या अविवाहित जोडप्यांपैकी सुमारे एक तृतीयांश नाती तीन महिन्यांच्या आत तुटली. हे घाबरवायला सांगत नाही. विरह निभावला म्हणजे सगळं निभावलं असं गृहीत धरू नये म्हणून सांगतेय. मी अशा जोडप्यांना दूर असतानाच एकमेकांच्या कटकटी सांगायला लावते. आज कशाचा राग आला, घरातलं काय अडलं, पैशावरून काय वाटलं. कॉल गोड राहावा म्हणून हे दडवलं की परत येतो तो माणूस ओळखीचा वाटत नाही.

परतल्यावरचे पहिले दिवस विचित्र जातील हेही आत्ताच ठाऊक असू द्या. रॉबर्टसन-बोल्बींच्या तिसऱ्या अवस्थेची झलक तिथे दिसते. जी मुलं आईसाठी रडरड रडली होती, तीच काही काळ तिच्याकडे पाठ फिरवायची. मोठी माणसंही वर्षभर ज्याच्यासाठी झुरली तो दारात आल्यावर दोन दिवस गप्प, चिडकी, परकी होतात आणि ‘माझं प्रेम संपलं की काय’ म्हणून धसकतात. संपलेलं नसतं. शरीराला पुन्हा भरवसा ठेवायला वेळ लागतो. त्या पहिल्या आठवड्यात नातेवाईकांच्या भेटी ठेवू नका आणि मोठे निर्णयही घेऊ नका.

या सगळ्यातून आधी कशाला हात घालायचा, असं विचाराल तर अवधीला. पुढच्या कॉलमध्ये बाकी काही नाही बोललात तरी चालेल, हे बोला: पूर्ण परत कधी, आणि त्याआधी मधली एक भेट कधी. ‘वर्षभराने’ ही तारीख नव्हे. नोकरीमुळे नक्की दिवस सांगता येत नसेल तर तो कधी सांगता येईल, याची तारीख ठरवा. धास्तीला खाद्य मिळतं ते बहुतेक इथूनच, आणि तारीख ठरल्यावर मध्यरात्रीची तपासणी आपोआप कमी झालेली मी खूप वेळा पाहिली आहे.

तारीख पुढे गेली तर? जाते, पुष्कळदा जाते. एकदा गेली तर त्याच कॉलमध्ये नवी ठरवा, आणि मधली भेट मात्र हलू देऊ नका. तीही गेली, कारण दर वेळी नवं निघालं आणि त्याबद्दल विचारलं की तो चिडायला लागला, तर ते तुमच्या ओढीचं प्रकरण राहिलेलं नाही. तेव्हा दोघांनी मिळून कुणा समुपदेशकापुढे बसा. ऑनलाइनही बसता येतं. तो तयार नसेल तर तुम्ही एकट्या बसा.